नकली यहुदी आणि असली सय्यद

मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक मोबाईल हातोहात फिरत होता. व्हिडिओत इस्रायलच्या विमानतळावर उतरलेली माणसे होती. मिझोराम-मणिपूरकडची. पुरुषांच्या डोक्यावर छोट्या विणलेल्या टोप्या, बायकांच्या डोक्याला रुमाल. म्हाताऱ्या बाया रडत होत्या आणि समोर निळे-पांढरे झेंडे घेतलेले लोक गात होते. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिले होते की इस्रायलला यहुदी कमी पडले, म्हणून आता 'चायना माल' मागवताहेत. खोलीत हशा पिकला. आमचे एक खान सर म्हणाले, "आपा, ये देखो, डुप्लिकेट यहुदी!" सगळे हसले. खोटे कशाला सांगू, मीही हसले.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, स्थळ मोडले होते. मुलगी एम.एस्सी., नमाज-रोज्याची पाबंद, मुलाला पसंत, मुलाच्या आईलाही पसंत. मग कुणीतरी चौकशी केली आणि कळले की आमचे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरत, लोकांच्या गाद्या-रजया भरून देत. मुलाकडचे सय्यद. निरोप आला, "लडकी अच्छी है, पर नसब नहीं मिलता."

नसब म्हणजे वंश, रक्ताची साखळी. ती साखळी आमच्याकडे नव्हती. आम्ही त्यांच्या हिशेबी डुप्लिकेट निघालो. त्या रात्री मला तो व्हिडिओ पुन्हा आठवला आणि आपण नेमके कशाला हसलो याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिते आहे.

आधी ती माणसे कोण ते सांगते, कारण हसणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हते.

त्यांना 'बनेई मेनाशे' म्हणतात, म्हणजे मनश्शेची लेकरे. मूळचे ते कुकी, मिझो, हमार अशा जमातींचे लोक. १८९४ साली दोन इंग्रज मिशनरी मिझो टेकड्यांत पोहोचले, त्यांनी त्या भाषेला रोमन लिपी दिली, आणि दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ सारा समाज ख्रिस्ती झाला. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. पण माणसाच्या हातात पुस्तक दिले की तो ते कसा वाचेल हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. बायबलच्या जुन्या भागात या लोकांना आपल्या पूर्वजांच्या चालीरीतींसारखे काही दिसू लागले. त्यांच्या जुन्या गाण्यांत आणि प्रार्थनांत 'मनमासी' नावाचा एक पूर्वज येतो. हाच बायबलमधला मनश्शे, हजरत युसूफ यांचा मुलगा, असे काहींना वाटू लागले. १९५१ साली बुआल्लॉन गावातल्या एका ख्रिस्ती भक्ताने सांगितले की आपण इस्राएलची लेकरे आहोत आणि आपल्याला आपल्या भूमीत परत जायचे आहे, असा मला दृष्टांत झाला. १९७० च्या दशकात काही कुटुंबांनी रविवार सोडून शनिवार पाळायला सुरुवात केली, मुलांच्या सुंता केल्या, आणि येशूला देव मानणे सोडले. पुढे जेरुसलेमचे रब्बी एलियाहू अविखाईल त्यांच्यापर्यंत पोहोचले. 'हरवलेल्या दहा जमाती' शोधण्यासाठी त्यांनी १९७५ मध्ये अमिशाव ही संस्था काढली होती. 'बनेई मेनाशे' हे नाव त्यांनीच दिले.

आता यात हसण्यासारखे काय आहे? "चेहरा बघा," हे एकच उत्तर मला मिळाले. ज्यांनी हे उत्तर दिले तेच लोक बिलाल रजि. यांचे नाव घेताना डोळे मिटतात. हबशी माणूस मदिनेत पहिली अजान देऊ शकतो, इराणहून आलेले सलमान फारसी पैगंबरांच्या घरातले गणले जातात, हे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. आणि चपट्या नाकाचा माणूस यहुदी झाला की आपल्याला तो 'चायना माल' वाटतो. ईशान्येच्या मुलांना पुण्या-मुंबईत याच शब्दांनी हाक मारली जाते, तेव्हा तिला वंशद्वेष म्हणतात. आपण केली म्हणून ती विनोद होत नाही.

दुसरे उत्तर असे की हे सगळे तिकिटासाठी आहे. गरिबीतून सुटायचे, इस्रायलमध्ये घर मिळवायचे, म्हणून हे सोंग. काहींच्या बाबतीत तसे असेलही. कुठल्या धर्मांतरात दहा कारणे मिसळलेली नसतात? पण ज्यांनी सोंग म्हटले त्यांनी एकदा मिझो माणसाच्या ताटाचा विचार करावा. तिथे डुकराचे मांस म्हणजे सणाचे, लग्नाचे, पाहुण्याचे जेवण. आपल्या मुलांना जन्मापासून ते वर्ज्य, त्यामुळे ते न खाण्यात आपली कसली परीक्षा? त्यांनी मात्र चाळिशीत ते सोडले. शेजारी, भाऊ, मामा सगळे एका पंगतीत बसले असताना वेगळे ताट घेतले. प्रौढ पुरुषांनी सुंता करून घेतल्या. ज्या चर्चभोवती सारे गाव फिरते त्यातून बाहेर पडले. आणि हे करणाऱ्या सगळ्यांना काही विमान मिळाले नाही. कित्येक जण वाट पाहतच वारले. सोंग इतके महाग नसते.

आणि ही जगावेगळी गोष्टही नाही. ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून हा प्रवाह आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते. बाहेरून येणाऱ्यांनी सुंता करावी का, शरीयत पाळावी का, यावर त्यांच्यातच मोठा वाद झाला. पौलचा पक्ष जिंकला आणि ती अट गेली. पण जो जो कुणी बायबल एकट्याने, पाद्रीशिवाय वाचायला बसला, त्यातल्या काहींना तो निकाल पटला नाही. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, युनिटेरियन ख्रिस्ती लोकांतून असा एक पंथ निघाला. शनिवार पाळायचा, डुक्कर खायचे नाही. राज्यकर्त्यांनी छळ केला तरी अडीचशेहून जास्त वर्षे हे लोक वरवर ख्रिस्ती राहून घरात शनिवार पाळत राहिले. यहुद्यांना समान हक्क मिळाल्यावर १८६८-६९ मध्ये उरलेल्यांनी उघडपणे यहुदी धर्म स्वीकारला. आणि १९४४ मध्ये नाझींच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्यातले कित्येक ऑशविट्झला पोहोचले. त्यांच्या रक्तात यहुदी काही नव्हते. मारणाऱ्यांनी त्यांना 'डुप्लिकेट' म्हणून सोडून दिले नाही.

इटलीतली गोष्ट तर मी वर्गात सांगावी अशी आहे. दक्षिणेकडच्या सान निकांद्रो गावात दोनातो मांदुझियो नावाचा एक कॅथलिक शेतमजूर होता. पहिल्या महायुद्धात त्याचे पाय अधू झाले. १९३० च्या सुमारास त्याच्या हाती बायबल पडले. ते वाचून त्याला वाटले की मूसाचा धर्म हाच खरा आणि तो पाळणारे लोक पृथ्वीवरून कधीच नाहीसे झाले आहेत, तेव्हा आता आपणच तो पुन्हा सुरू करायचा. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवले. नंतर कुणीतरी सांगितले, अरे, यहुदी अजून आहेत, रोममध्ये मोठे सिनेगॉग आहे! त्यांनी पत्रे लिहिली. पुढे १९३८ मध्ये मुसोलिनीने यहुद्यांविरुद्ध कायदे केले. ज्या दिवसांत जन्माने यहुदी असलेली माणसे आपले नाव लपवत होती, त्या दिवसांत हे शेतकरी 'आम्ही यहुदी' म्हणत राहिले. १९४६ मध्ये त्यांना रीतसर धर्मात घेतले गेले. बहुतेक लोक १९४९ मध्ये इस्रायलला गेले. मांदुझियो त्याआधीच, १९४८ मध्ये, आपल्या गावातच वारला.

युगांडात सेमेई काकुंगुलू नावाच्या सरदाराचे असेच झाले. इंग्रज मिशनऱ्यांनी त्याला ख्रिस्ती केले, बायबल दिले. त्याने वाचून सुंतेचा आग्रह धरला. ते म्हणाले, सुंता तर यहुदी करतात. तो म्हणाला, मग मी यहुदी. हे १९१९ साल. त्याचे अनुयायी 'अबायुदाया' म्हणवतात. इदी अमीनच्या राज्यात त्यांच्या धर्मावर बंदी आली, तरी मूठभर टिकले.

या माणसांना काय म्हणायचे? मला वाटते, ते जे म्हणवतात तेच. ज्याने एक कायदा डोळसपणे पत्करला, त्याची किंमत मोजली आणि तो मुलांना शिकवला, तो त्या कायद्याचा माणूस. त्याच्या पणजोबाचे नाव विचारण्याचा हक्क मला नाही.

इथे कुणी म्हणेल, आपा, पण ते लोक स्वतःच रक्ताचा दावा करतात ना? 'आम्ही मनश्शेचे वंशज' हा रक्ताचाच दावा आहे. बरोबर. माझे भांडण इथूनच सुरू होते, आणि ते त्यांच्याशी कमी, रक्ताचा दाखला मागणाऱ्यांशी जास्त आहे.

हा दाखला मागणे किती पोकळ आहे हे इस्रायलच्याच कारभारात दिसते. ओस्वाल्ड रुफाइजन हा पोलंडचा जन्माने यहुदी तरुण. महायुद्धात मीर गावच्या घेट्टोतून शेकडो यहुद्यांना निसटायला त्याने मदत केली. स्वतः एका मठात लपला, तिथे कॅथलिक झाला, पुढे संन्यासी. त्याने इस्रायलचे नागरिकत्व 'यहुदी' म्हणून मागितले. आई यहुदी, बाप यहुदी. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, कारण त्याने धर्म बदलला होता. म्हणजे रक्त पुरेसे नाही. तिकडे बनेई मेनाशे यहुदी धर्म पाळत होते, पण त्यांना वर्षानुवर्षे विचारले गेले की तुमचे रक्त कुठे आहे? डीएनए तपासण्या झाल्या. पुरुषांच्या वंशरेषेत मध्यपूर्वेचा पुरावा सापडला नाही. २००५ मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना 'इस्राएलचे बीज' म्हटले, पण रीतसर धर्मांतराची अटही घातली. म्हणजे बीजही हवे आणि धर्मांतरही हवे. बीज खरे असेल तर धर्मांतर कशाला, आणि धर्मांतर करायचेच असेल तर बीज कशाला?

हे फक्त मणिपूरच्या माणसांच्या वाट्याला आले असेही नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना विचारा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण संतती, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिले शनवार तेली. मराठी बोलणारे, एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करणारे हे लोक आपल्या सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईत १७९६ मध्ये बांधलेले त्यांचे पहिले सिनेगॉग आजही 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी त्यांना ख्रिस्ती करण्याच्या आशेने शाळा काढल्या, मराठीतून हिब्रू व्याकरण शिकवले. झाले उलटेच. हिब्रू शिकून ते अधिक पक्के यहुदी झाले. इतके सगळे जपून हे लोक इस्रायलला गेले आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढले की यांच्याशी लग्न लावण्याआधी यांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करा. आमच्या अलिबाग-पेणच्या माणसांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला आणि पंतप्रधान एश्कोल यांना सांगावे लागले की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदीच आहेत, आणि फर्मान बदलले.

लग्नाआधी आजीच्या वंशाची चौकशी. वाचकहो, हे वाक्य मी लिहिले तेव्हा मला जेरुसलेम दिसले नाही. माझ्या बहिणीचे घर दिसले.

आता जरा आपल्या घरात येऊ या. ज्या खान सरांनी तो व्हिडिओ दाखवला त्यांना आपल्या पठाणी रक्ताचा फार अभिमान. त्यांना मी दुसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगितली. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नियामतुल्लाह नावाच्या इतिहासकाराने खान जहान लोदीच्या आश्रयाने पठाणांचा इतिहास लिहिला, 'मखजन-ए-अफगानी'. त्यात पठाणांचा वंश थेट बनी इस्राईलच्या तालूत राजाला नेऊन भिडवला आहे. म्हणजे खान सर, तुम्हीही हरवलेल्या जमातीतलेच! मग तुमच्यात आणि त्या मिझो म्हातारीत फरक इतकाच की तिने आपल्या दाव्यापायी जेवण बदलले, तुम्ही फक्त मिशी वाढवली. सर हसले, पण थोडे कमी हसले.

कोकणातल्या आपल्या कित्येक घराण्यांना अरब व्यापाऱ्यांचे वंशज म्हणवायला आवडते. काही असतीलही. घाटावर पाहावे तर शेख, सय्यद, सिद्दिकी यांची संख्या अशी वाढली आहे की मक्का-मदिनेत माणूस उरला होता की नाही असा प्रश्न पडावा. पिंजारी मन्सुरी झाले, विणकर अन्सारी झाले, खाटीक कुरेशी झाले. मी त्यांना दोष देत नाही. ज्या समाजात आजोबांच्या धंद्यावरून हिणवतात तिथे माणूस नाव बदलणारच. शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यासाठी गावोगाव फिरले, तेव्हा कुठे आपल्या लोकांना आपला धंदा मोठ्याने सांगायचे धैर्य आले. पण दुटप्पीपणा बघा. सेतू केंद्रात दाखल्यासाठी अर्ज करताना पिंजारी आणि लग्नाच्या बैठकीत सय्यद! मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा तेव्हा आजोबांचे पिंजण कामाला येते. सून आणायची तेव्हा तेच पिंजण अंगणाबाहेर.

आणि हेच आपण 'घरवापसी'वाल्यांवर चिडतो. ते काय म्हणतात? तुमचे पूर्वज हिंदू होते, म्हणून तुम्ही हिंदू, आता परत या. आपण म्हणतो, पूर्वज कोणीही असोत, आम्ही काय मानतो ते आमचे आम्ही ठरवू. हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. पण ते उत्तर फक्त त्यालाच शोभते जो स्वतः रक्ताचा दाखला मागत नाही. तुमचा बडेजाव जर पूर्वजांवर उभा असेल, तर समोरचाही तुमचे पूर्वज काढणारच. एकतर वंश महत्त्वाचा आहे किंवा नाही. नाक्यावर एक आणि बैठकीत दुसरे, असे चालत नाही.

आता सर्वांत कठीण प्रश्न. काहीजण विचारतील, आपा, पॅलेस्टाईनचे काय? हे लोक तिथे जाऊन कोणाच्या जमिनीवर राहतात?

हा प्रश्न टाळणार नाही. १९९० च्या दशकात बनेई मेनाशेंना आणले तेव्हा त्यातल्या कित्येकांना गाझातल्या गुश कतीफमध्ये आणि हेब्रॉनला लागून असलेल्या किर्यात अर्बात वसवले. म्हणजे व्याप्त जमिनीवर. १९४८ मध्ये ज्या पॅलेस्टिनी बाईने घराला कुलूप लावले आणि जिची नातवंडे अजून ती किल्ली जपून आहेत, तिला परत जाता येत नाही. आणि २,७०० वर्षांपूर्वी असुरांनी हाकलल्याच्या नुसत्या समजुतीवर एखाद्याला तिथे घर मिळते. हा अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. या प्रवासाच्या खर्चाला परदेशातल्या ख्रिस्ती संघटनाही पैसे देतात. त्यातल्या अनेकांना यहुदी तिथे जमायला हवे आहेत ते येशूचे पुनरागमन व्हावे म्हणून. गरिबांच्या श्रद्धेचा असा वापर होतो.

पण नीट पाहा, तो अन्याय कशावर उभा आहे. मिझो माणसाच्या शनिवारवर नाही, त्याच्या सुंतेवर नाही, त्याच्या नमाजेसारख्या प्रार्थनेवर नाही. तो उभा आहे 'रक्त असेल तर जमीन' या सूत्रावर. त्या माणसाने ऐझॉलमध्ये राहून यहुदी धर्म पाळला तर कुणा पॅलेस्टिनीचे काय बिघडते? धर्म पत्करण्याचा हक्क आणि दुसऱ्याच्या अंगणावरचा हक्क या दोन गोष्टी आहेत. पहिला हक्क मी त्याला पूर्ण देते. दुसरा कुणालाच देत नाही, रक्त खरे निघाले तरी नाही. आपण मात्र उलटे करतो. 'याचे रक्त नकली आहे' म्हणून हसतो. म्हणजे रक्त असली असते तर जमीन त्याची झाली असती, असे आपणच कबूल करून बसतो! पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलताना याहून वाईट युक्तिवाद शोधूनही सापडणार नाही.

आणि ती माणसे जातात का, हेही बघा. मे २०२३ पासून मणिपूर पेटले. कुकी आणि मैतेई यांच्या त्या आगीत बनेई मेनाशेंचीही घरे गेली, सिनेगॉग जळाली. छावणीत राहणाऱ्या माणसाला कुणी 'चल, तिकडे तुझे घर आहे' म्हटले तर तो नकाशा उघडून आंतरराष्ट्रीय कायदा तपासत नाही. दोष धोरण आखणाऱ्यांचा आहे. छावणीतल्या म्हातारीवर हसून ते धोरण बदलणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी आपण मुलींच्या मदरशात शिकवतो आणि घरी विसरतो. उम्मुल मोमिनीन हजरत सफिय्या रजि. जन्माने यहुदी. एकदा कुणी त्यांना 'यहुद्याची मुलगी' म्हणून हिणवले. त्या रडत होत्या. पैगंबर सल्ल. यांनी त्यांना काय सांगितले? तू एका नबीची लेक आहेस, तुझे चुलते नबी होते, आणि तू एका नबीच्या निकाहात आहेस, मग ती कशाचा तोरा मिरवते? या सांत्वनात यहुदी असण्याची लाज कुठेच नाही. आणि अखेरच्या हजच्या खुतब्यात त्यांनी अरब-अजम, गोरा-काळा हे सगळे मोजमाप एका झटक्यात काढून टाकले आणि एकच ठेवले, तकवा. हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. स्थळ बघायला निघताना मात्र आपण ते घरी ठेवून जातो.

माझ्या भाचीला मी काय सांगितले? म्हटले, बेटा, तुझे पणजोबा पिंजारी होते. त्यांनी भरलेल्या रजईत अर्धा तालुका उबेने झोपला. त्या उबेला कुणी नसब विचारले नाही. ती म्हणाली, "खाला, तो मुलगा गप्प का बसला?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते त्या मुलाने द्यावे, आणि त्याच्यासारख्या शिकलेल्या प्रत्येक मुलाने.

तो व्हिडिओ मी मोबाईलमधून काढून टाकलेला नाही. तुमच्याकडेही येईल. आला तर पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. विमानातून उतरून रडणाऱ्या त्या म्हातारीला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला आहे, "तू मूळची कोण?" तोच प्रश्न आपल्यालाही विचारतात, शाळेत, कचेरीत, भाड्याचे घर शोधताना. निदान आपण तरी तो कुणाला विचारू नये.